डोनेगलचे विमान



आयर्लंड म्हटले की आपल्या समाजातल्या वडीलधाऱ्यांना एकच नाव आठवते, ते म्हणजे आपले माजी राष्ट्रपती खायिम हर्झोग. त्यांचा जन्म १९१८ सालचा, बेलफास्टचा; बालपण गेले डब्लिनला. त्यापलीकडे तो देश आम्हालाही ठाऊक नव्हता. पण आमची भाची, लोदला लहानाची मोठी झालेली, नर्स होऊन थेट आयर्लंडच्या वायव्य टोकाला डंग्लो नावाच्या गावी जाऊन राहिली. दर आठवड्याला फोन. "मामा, मामी, एकदा तरी या." शेवटी २०१९ च्या मे महिन्यात आम्ही दोघांनी बॅगा भरल्या. दोघांचीही पंचाहत्तरी झालेली, त्यात एकाच्या गुडघ्यात धातू. तपासणीच्या दारातून गेले की ते ओरडणार, हे ठरलेलेच.

डब्लिनपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखे काही नाही. सांगायचे आहे ते पुढच्या पन्नास मिनिटांबद्दल.

डब्लिनहून डंग्लोला जायचे दोन मार्ग. एक रस्त्याने. बसने गेले तर वाटेतले थांबे धरून पाच तासांच्या आसपास. गंमत म्हणजे हा सरळ रस्ता आयर्लंडच्या देशातून निघतो, मध्येच ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये शिरतो आणि पुन्हा आयर्लंडमध्ये येतो. सीमेवर ना फाटक, ना शिपाई. तुम्ही देश बदललात हे कळते ते पाट्यांवरून. इकडच्या पाट्या किलोमीटरच्या, तिकडच्या मैलांच्या. खिशातले युरो जाऊन पौंड लागतात. आयर्लंडने वेगमर्यादा किलोमीटरमध्ये आणली ती २००५ सालच्या जानेवारीत, उत्तरेकडे अजून मैलच चालतात. एकाच प्रवासात अंतर मोजायची दोन मापे!

आगगाडी म्हणाल तर त्या जिल्ह्यात नाहीच. पूर्वी होती. लेटरकेनीहून बर्टनपोर्ट बंदरापर्यंत अरुंद रुळांची गाडी १९०३ साली सुरू झाली, ती डंग्लोच्या जवळूनच जायची. वारा तिथला असा, की ३० जानेवारी १९२५ च्या रात्री ओवेनकॅरोच्या उंच पुलावर वादळाने गाडीचे डबे रुळावरून ढकलले आणि चार उतारू गेले. चाळीसच्या दशकात तो मार्ग बंद पडला. १९५९ च्या अखेरीस डोनेगल जिल्ह्यातली अरुंद रुळांची शेवटची उतारूगाडीही थांबली. त्या पुलाचे दगडी खांब अजून उभे आहेत. भाचीने मोटार थांबवून दाखवले. आम्ही उतरलो मात्र नाही, इतका वारा.

दुसरा मार्ग विमानाचा. डब्लिनपासून डोनेगल विमानतळ सरळ रेषेत २२५ किलोमीटर. गावाचे नाव कॅरिकफिन. विमान पंख्याचे, एटीआर जातीचे. आपल्याकडे एलातला जाणारी पंख्याची विमाने ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ओळख पटेल. पायऱ्या चढून आत जायचे, बॅग स्वतः उचलायची, आणि आपल्या खिडकीबाहेरच तो पंखा गरगरणार.

मुलांनो, आता तुमच्यासाठी एक हिशेब. हे विमान वर गेल्यावर तासाला सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. मग २२५ किलोमीटरला किती वेळ लागेल? २७ मिनिटे. बरोबर ना? पण वेळापत्रकात लिहिलेले असते पन्नास-पंचावन्न मिनिटे. मग बाकीचा वेळ कुठे गेला? थोडा डब्लिनच्या धावपट्टीकडे सरकत जाण्यात, कारण पुढे मोठमोठी विमाने रांगेत उभी. थोडा वर चढण्यात, कारण चढताना वेग कमी. थोडा उतरण्यात. आणि उरलेला वाऱ्याला द्यायचा. आयर्लंडवर वारा बहुतेक करून पश्चिमेकडून, अटलांटिक समुद्रावरून येतो. डब्लिनहून डोनेगलला जाताना तो समोरून ढकलतो, येताना पाठीवर हात ठेवतो. म्हणून जाण्याचा वेळ आणि येण्याचा वेळ सारखा असेलच असे नाही. जवळच्या प्रवासात विमान कितीही वेगवान असले तरी फारसा फरक पडत नाही, हे ध्यानात ठेवा. वेळ खाल्ला जातो तो जमिनीवर.

उतरताना आमच्यापैकी एकाने डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्याने सांगितले म्हणून उघडले. खाली पांढरी वाळू, हिरवे-निळे पाणी, बेटेच बेटे, आणि मागे एरिगल नावाचा शंकूसारखा डोंगर, उंची ७५१ मीटर. धावपट्टी जेमतेम दीड किलोमीटर, समुद्राला अगदी खेटून. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर विमान उतरले असते तर असेच वाटले असते, असे आम्हाला वाटून गेले. फक्त नारळीची झाडे नाहीत आणि मे महिन्यातही स्वेटर. हा देखावा नुसता आम्हालाच आवडला असे नव्हे. उतरताना सर्वांत सुंदर दिसणारा विमानतळ कोणता, असे खाजगी विमाने भाड्याने देणारी एक कंपनी दरवर्षी लोकांना विचारत असे. त्यात २०१८, २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ तीन वर्षे पहिला नंबर या कॅरिकफिनचाच आला.

विमानतळ आपल्या बसस्टँडपेक्षा लहान. पाट्यांवर आधी आयरिश भाषा, मग इंग्रजी. हा आयरिश बोलणाऱ्यांचा मुलूख. भाचीचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, शाळेत आयरिश शिकतो, घरी इंग्रजी, आणि आमच्याशी मराठी. म्हणजे "मामाआजोबा, चपाती पाहिजे" इतपत. पण तेवढीही आली म्हणून आमच्या हिचे डोळे भरले. असो.

तिथे पाऊस फार. दोन दिवस घरातच बसून काढले. मुलाच्या खोलीत भिंतीवर आयर्लंडचा मोठा नकाशा होता, एक सेंटीमीटरला दहा किलोमीटर या मापाचा. भाचीची एक मैत्रीण, नर्सच, देशाच्या दुसऱ्या टोकाला केरी जिल्ह्यात ट्रली गावी असते. तिने आम्हाला जेवायला बोलावले होते. केरी हा नैर्ऋत्येचा कोपरा, डोनेगल वायव्येचा. केरीलाही विमानतळ आहे, फॅरनफोर येथे. तेव्हा मुलाला म्हटले, चल, मोज अंतर. शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा काढला. एक टोक कॅरिकफिनवर, एक टोक फॅरनफोरवर, ताणून धरला. दोरा भरला ३३ सेंटीमीटर, म्हणजे ३३० किलोमीटरच्या आसपास. नेमका आकडा ३२८.

हे दुसऱ्या रीतीनेही काढता येते, तीही त्याला दाखवली. नकाशावरच्या आडव्या रेषा म्हणजे अक्षांश. एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक मिनिट, आणि एका मिनिटाचे अंतर म्हणजे खलाशांचा आणि वैमानिकांचा एक मैल, १.८५२ किलोमीटर. कॅरिकफिन ५५ अंशांच्या थोडे वर, फॅरनफोर ५२ अंशांच्या थोडे वर. दोघांमध्ये १७२ मिनिटांचा फरक. १७२ ला १.८५२ ने गुणा, आले ३१८. दोरा थोडा तिरका जातो म्हणून आणखी दहा किलोमीटर. पोरगा खूश झाला. घड्याळाच्या मिनिटांशी या मिनिटांचा काही संबंध नाही, हे पटवायला मात्र अर्धा तास गेला.

मग त्याच्या एक गोष्ट लक्षात आली, जी आमच्या आली नव्हती. दोऱ्याखाली नकाशावर विमानाची आणखी दोन चित्रे होती. डोनेगलहून निघालेला दोरा आधी स्लायगोच्या विमानतळाच्या अगदी बाजूने जातो, मग नॉक विमानतळाच्या जवळजवळ डोक्यावरून, आणि मग केरीला पोचतो. एका सरळ रेषेत चार विमानतळ, मणी ओवल्यासारखे!

"मग या दोऱ्यावरून विमान किती वाजता आहे?" त्याने विचारले.

एकही नाही. चारही विमानतळ एका दोऱ्यात, पण एकातून दुसऱ्यात जायला विमान नाही. एटीआर विमानाने हे अंतर तासाभरात कापले असते. रस्त्याने साडेचारशे किलोमीटरच्या वर भरते, सहा तास तरी हवेत. आणि विमानानेच जायचे तर आधी डब्लिन गाठा, म्हणजे २२५ किलोमीटर पूर्वेला. तिथे दुसऱ्या विमानाची वाट पाहा. मग डब्लिनहून केरी, सुमारे २६० किलोमीटर पुन्हा पश्चिमेला. ३२८ चे झाले ४८५, आणि तासाचा झाला अर्धा दिवस. रत्नागिरीच्या माणसाने नाशिकला जाताना मुंबईची प्रदक्षिणा घालावी तसे. ट्रलीचे जेवण राहिले ते राहिलेच.

असे का? कारण लहान गावातून लहान गावाला जाणारी माणसे थोडी. लहान गावातून राजधानीला जाणारी पुष्कळ. कचेऱ्या तिथे, मोठी इस्पितळे तिथे, परदेशी जाणारी विमाने तिथे. तरीसुद्धा डोनेगल-डब्लिन हे विमान नुसत्या तिकिटांवर चालत नाही. युरोपच्या कायद्यात अशी सोय आहे, की दूरच्या भागाला जोडणारे विमान कंपनीला परवडत नसेल तर सरकारने ठेका द्यावा, दिवसाला किती फेऱ्या, भाडे जास्तीत जास्त किती, हे ठरवून द्यावे आणि तूट भरून काढावी. भारतातही २०१६ साली 'उडान' योजना आली ती याच धर्तीवर; सिंधुदुर्गातल्या चिपीला २०२१ च्या ऑक्टोबरात मुंबईचे विमान सुरू झाले ते त्याच योजनेतून, आणि तेही एटीआरच. मात्र तिथे मार्गाला मदत मिळते ती तीनच वर्षे.

आयर्लंडमध्ये ही मदत पूर्वी आणखी गावांना होती. २००८ नंतर देश कर्जात बुडाला, आणि त्याच सुमारास मोठे रस्ते तयार झाले. डब्लिन-गॉलवे रस्ता २००९ च्या डिसेंबरात पुरा झाला, कॉर्कचा २०१० साली. सरकारने हिशेब मांडला की जिथे मोटारीने लवकर पोचता येते तिथे विमानाला पैसे कशाला? २०११ च्या जुलैत स्लायगो आणि गॉलवेची मदत बंद झाली. गॉलवेहून त्याच वर्षी नेहमीची विमाने गेली ती पुन्हा आली नाहीत. स्लायगोच्या धावपट्टीवर आता मुख्यतः समुद्रात अडकलेल्यांना वाचवणारे हेलिकॉप्टर असते. डोनेगल आणि केरी तेवढे राहिले. खरे सांगायचे तर गॉलवेचे विमान बंद करणे आम्हाला चूक वाटत नाही. दोन-अडीच तासांच्या गुळगुळीत रस्त्याला विमान म्हणजे चैन. डोनेगलची गोष्ट वेगळी.

नॉकचे मात्र दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण दोऱ्यावरचा हा मणी एका पाद्रीबाबांनी ओवला. जेम्स होरन त्यांचे नाव. मेयो जिल्ह्यात नॉक हे ख्रिस्ती लोकांचे यात्रेचे ठिकाण. १९७९ साली पोप तिथे येऊन गेले. होरनबाबांनी मनात घेतले की इथे विमानतळ पाहिजे, आणि तोही मोठी विमाने उतरतील एवढा. जागा डोंगरमाथ्यावर, दलदलीची आणि धुक्याची. लोक हसले. एका सरकारने पैसे दिले, पुढच्या सरकारने हात आखडला. बाबांनी वर्गण्या गोळा केल्या, सोडती काढल्या. २५ ऑक्टोबर १९८५ ला तिथून यात्रेकरूंची तीन विमाने रोमला उडाली, आणि ३० मे १९८६ ला रीतसर उद्घाटन झाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १ ऑगस्टला, फ्रान्समधल्या लूर्द येथे यात्रेत असतानाच बाबा वारले. त्यांचे शव आणले ते त्यांच्याच विमानतळावर. आज तिथून ब्रिटनला आणि युरोपला विमाने जातात. डब्लिनला जात नाहीत.

आम्ही परत निघालो तो सोमवार होता, सकाळचे विमान. शेजारच्या सीटवर एक बाई, साठीच्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेला, मांडीवर लहानशी बॅग. आमच्या डब्याकडे त्यांचे लक्ष गेले. भाचीने चपात्या आणि बटाट्याची सुकी भाजी दिली होती. एक गुंडाळी करून त्यांच्या हातात दिली, मग बोलणे सुरू झाले. आम्ही विचारले, डब्लिनला कामाला का? त्या हसल्या. म्हणाल्या, होय, पंचवीस दिवसांचं काम आहे, आज अकरावा दिवस.

कॅन्सर होता त्यांना. रोज रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार. सोमवारी सकाळी या विमानाने जायचे, आठवडाभर डब्लिनला राहायचे, शुक्रवारी संध्याकाळी घरी. डोनेगल जिल्ह्यात ही मशीन नाही. काही रोग्यांना गॉलवेला जावे लागते, बसने. २०१६ पासून सीमेपलीकडे डेरीच्या इस्पितळात नवे केंद्र झाले, तिथे डोनेगलच्या रोग्यांनाही घेतात, त्यामुळे पुष्कळांची सोय झाली. पण ह्यांच्या डॉक्टरांनी डब्लिनच सांगितले होते.

"मशीनखाली मी असते दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात विमान भरलेलं होतं म्हणून बसने गेले. पाच तास. वाटेत चारदा ओकारी झाली. ड्रायव्हर भला, चारदा थांबवली त्याने. पण माणसं बघत होती."

एवढे बोलून त्यांनी गुंडाळीचा एक घास खाल्ला आणि बाकीची रुमालात बांधून ठेवली, संध्याकाळी खाईन म्हणाल्या.

आम्ही दोघेही गप्प झालो, कारण आम्हाला आमचे थोरले दादा आठवले. नव्वदच्या दशकात ते एलातला राहत. त्यांनाही हाच आजार, आणि उपचार बीरशेव्याला. २४० किलोमीटरचा रस्ता, अरावाच्या उन्हातून. तेव्हा एलातचा विमानतळ गावाच्या मधोमध होता, पण तिथली विमाने तेल अवीवला जायची, बीरशेव्याला नव्हे. दादा बसने यायचे. वहिनी पिशवीत जुने टॉवेल आणि लिंबे घेऊन शेजारी बसायच्या. पुढे पुढे ते म्हणायचे, "औषधाचं काही नाही रे, मला बसची भीती वाटते." शेवटच्या चार खेपा त्यांनी केल्याच नाहीत. डॉक्टरांना वाटले, रोगी हट्टी आहे. दादा हट्टी नव्हते.

डब्लिनला उतरल्यावर बाईंनी हात हातात घेतला, आणि त्या गेल्या. त्यांचे नाव विचारायचे राहून गेले.

आम्ही घरी पोचलो आणि थोड्याच दिवसांत, १ जुलै २०१९ ला, तेल अवीवचा सदे दोव विमानतळ बंद झाला. एलातचा गावातला विमानतळ त्याआधीच मार्चमध्ये बंद होऊन विमाने गावाबाहेर अठरा किलोमीटरवर रामोनला गेली होती. एलात-तेल अवीव विमानाचा हवेतला वेळ तोच राहिला. पण आता घरातून निघून रामोनला जायचे आणि तिकडे शहराऐवजी बेन गुरियनला उतरायचे. एलातच्या आजारी माणसांची मुले तेव्हा काय म्हणत होती, ते आम्हाला कोणी समजावून सांगायला नको होते.

१२ जून २०२१ ला, शनिवार होता तो, डोनेगलचे विमान चालवणारी स्टोबार्ट एअर ही कंपनी कोरोनाच्या तडाख्यात एकाएकी बुडाली. केरी-डब्लिनही तीच चालवत असे. शब्बाथ संपल्यावर भाचीचा फोन आला. तिच्या वॉर्डातल्या एका आजीचा मुलगा डब्लिनला उपचार घेत होता, सोमवारची तारीख होती, आणि विमान नाही. गावातल्या कोणीतरी आपल्या मोटारीने नेले म्हणे. केरीला जुलैअखेर रायनएअर आली, सरकारी मदत न घेता, कारण तिथे उतारू पुरेसे. डोनेगलला तशी कोण येणार? सरकारने घाईने तात्पुरता ठेका काढला, एका स्वीडिश कंपनीने सहा-सात महिने विमान चालवले, आणि २०२२ च्या फेब्रुवारीअखेरीस एमराल्ड एअरलाइन्स ही नवी आयरिश कंपनी एटीआर घेऊन आली. पण जून आणि जुलै मधले ते सहा आठवडे बसच.

त्या सहा आठवड्यांत भाची दर फोनवर विमानाची बातमी द्यायची, आणि आम्ही दर वेळी फुलाफुलांच्या रुमालाच्या बाईंबद्दल विचारायचो. तिला त्या कोण हे कसे कळणार? दोन वर्षे होऊन गेली होती, त्यांचे पंचवीस दिवस केव्हाच संपले असणार. तरी विचारायचो.

पोराला आता मिसरूड फुटले आहे. आवाज बदलला, मराठी मात्र होती तेवढीच. परवा फोनवर म्हणाला, नकाशा काढून टाकला, फुटबॉलवाल्यांचे फोटो लावले. दोरा कुठे गेला विचारले तर म्हणतो, आईने बटण लावायला घेतला.

"आणि केरीचं विमान?"

"नो, मामाआजोबा. अजून नाही. व्हाया डब्लिन."